मेल घरच्या कॉम्प्युटरवर: आंब्याचा एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

मुख्य मत आधीच सांगतो. मेलसाठी कुठली कंपनी निवडावी यावर लोक फार डोकं शिणवतात. त्याआधी दोन गोष्टी करायला हव्यात: पत्ता स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे @ नंतरचं नाव आपल्या मालकीचं) घ्यायचा आणि सगळ्या मेलची पूर्ण प्रत घरात ठेवायची. हे झालं की कंपनी कधीही बदलता येते. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी ही व्यवस्था जानेवारीत सुरू झाली. आंब्याची गडबड, अख्खा पावसाळा आणि परतीच्या पावसातल्या विजा हे सगळं तिने काढलं, म्हणून आता लिहितो आहे.

आमच्या मेलमध्ये काय आहे ते सांगितल्याशिवाय एवढा खटाटोप कशाला, ते कळणार नाही. हापूसची बाग आहे, आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं थेट आमच्याकडून पेट्या नेतात. कुणाला किती डझनाची पेटी, कुठल्या पत्त्यावर, मागच्या वर्षी फळ कसं निघालं, हे सगळं मेलमध्ये आहे. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या नोंदणीचा पत्रव्यवहार आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकलं, तेव्हाचे पंचनाम्याचे कागद आणि मोडलेल्या कलमांचे फोटो आहेत. आणि सगळ्यात जड म्हणजे सामायिक घर. सातबाऱ्यावर चुलत-मावस मिळून इतकी नावं आहेत की कौलं बदलायची म्हटली तरी सगळ्या चाकरमान्यांची संमती लागते. ती संमती कुणी दिली, कधी दिली, खर्चाचा वाटा किती मानला, हे फक्त त्या मेलमध्येच सापडतं. उद्या वाद झाला तर दाखवायला आमच्याकडे दुसरं काही नाही.

जुनं खातं जीमेलचं होतं. सेवा म्हणून माझी तक्रार नाही. २००४ साली त्यांनी एक जीबी जागा फुकट दिली तेव्हा ती सगळ्यांनाच अफाट वाटली होती. आता फुकट मिळणारे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटले जातात. शिवाय वैयक्तिक खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. वडील वर्षातून कधीतरी मेल उघडतात. त्यांची इतक्या वर्षांची पत्रं अशा अटीवर सोडायची माझी तयारी नव्हती.

डोमेन .इन घेतलं. वर्षाला हजाराच्या आत पडतं. नूतनीकरणाची तारीख मात्र घरातल्या दोघांना तरी माहीत हवी, कारण डोमेन सुटलं तर पत्ताच दुसऱ्याच्या हाती जातो आणि त्या पत्त्यावर येणारे पासवर्ड बदलण्याचे मेलही. मेल हाताळणारी नवी कंपनी महिन्याला थोडे पैसे घेते. तिचं नाव देत नाही. त्यांचं स्पॅम गाळणं जुन्यापेक्षा कच्चं आहे आणि मोबाइलवरचं ॲप रेंज कमी असली की अडतं. पण आयमॅप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून मेल ओढता येण्याची सोय, नीट चालतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

मेल पाठवायचं काम घरच्या कॉम्प्युटरवर आणायचा विचार कोणी करत असेल तर नको. घरगुती कनेक्शनला कायमचा स्वतःचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) बहुधा नसतो, सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जायची वाट, म्हणजे पोर्ट २५, बऱ्याचदा बंद असतं, आणि घरगुती आयपीवरून आलेला मेल समोरचे सर्व्हर संशयानेच घेतात. पाठवणं कंपनीकडे आणि साठवणं घरी, ही विभागणी बरोबर आहे. कंपनी बदलताना डोमेनच्या नोंदींत एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे यायचा ते सांगणारी नोंद) बदलायचा, त्याच बैठकीत एसपीएफ आणि डीकेआयएमही (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घ्यायचे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. आम्ही हे हंगामाआधी केलं, म्हणून मार्चमध्ये गिऱ्हाइकांना गेलेले भावाचे मेल स्पॅममध्ये पडले नाहीत.

जुने मेल बाहेर काढायचे दोन रस्ते आहेत. गूगल टेकआउट या गूगलच्याच सोयीतून सगळं एका एमबॉक्स फाइलमध्ये मिळतं. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमने आयमॅपवरून ओढलं तर फोल्डर जसेच्या तसे येतात, पण जीमेलमध्ये लेबलं असतात हे लक्षात ठेवावं लागतं: एकाच मेलला तीन लेबलं असतील तर तो तीन फोल्डरांत उतरतो, आणि वर ‘ऑल मेल’मध्ये पुन्हा. मी टेकआउट घेतलं आणि लेबलांवरून फोल्डर नंतर पाडले. गावातलं नेट रात्री बरं चालतं, उतरवणं तेव्हाच लावलं.

घरी जुना लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन लिनक्स. मुद्दाम लॅपटॉप, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो, आणि मेल लिहिला जात असताना मशीन धाडकन बंद पडणं डिस्कला बरं नव्हे. रोज रात्री एमबीसिंक नावाचा छोटा प्रोग्रॅम कंपनीकडचे नवे मेल घरी आणतो. त्याला एवढंच सांगितलं आहे: नवं आण, इथलं काही पुसू नकोस. आयमॅपची साधी सांगड ही बॅकअप नसते. फोनवर चुकून पुसलेला मेल ती घरूनही पुसते. एकतर्फी आणल्यावर तो धोका राहत नाही.

साठवण मेलडिर पद्धतीची आहे, म्हणजे एक मेल ही एक फाइल. एमबॉक्समध्ये अख्खा फोल्डर एका फाइलमध्ये असतो, एक मेल आला तरी ती सगळी फाइल बदलते आणि बॅकअपला पुन्हा पूर्ण कॉपी करावी लागते. मेलडिरमध्ये फक्त नव्या फाइली जातात. एक अडचण आहे: मेलडिरच्या फाइलनावांत विसर्गासारखी दोन टिंबं येतात, आणि विंडोजसाठी फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती नावं घेत नाही. त्यासाठी आधी सगळं एका टार फाइलमध्ये बांधून मग कॉपी करायचं. अशी एक डिस्क पुण्यात बहिणीकडे असते. बहीण मे महिन्यात येते आणि गणपतीला येते, तेव्हा डिस्कची अदलाबदल होते.

आता हवेबद्दल, कारण शहरातल्या कुणाला हे सुचणार नाही. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. लॅपटॉप माजघरात, भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर आहे. जांभ्याची भिंत पावसात ओल धरते. तो रोज चालू राहतो, त्यामुळे आतून कोमट राहतो आणि बुरशी धरत नाही. नुसत्या ठेवून दिलेल्या डिस्कसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. विजांचा खरा जोर जूनआधीच्या वळवाला आणि ऑक्टोबरात असतो. फायबरमधून विजेचा झटका येत नाही, तो येतो राउटरच्या ॲडॅप्टरमधून. म्हणून आभाळ गडगडायला लागलं की आई देवघराचा दिवा लावते आणि मी दोन्ही प्लग काढतो.

शोधण्याबद्दल मनापासून सांगतो: जीमेलइतकं सहज शोधणं घरी मिळत नाही, मराठीत तर नाहीच. मराठी मेलचा मजकूर बहुधा बेस६४ या सांकेतिक रूपात गुंडाळून येतो, त्यामुळे फाइलमध्ये साधं शोधलं तर ‘पंचनामा’ हा शब्द सापडतच नाही. नॉटमच हा प्रोग्रॅम मेल उलगडून त्याची सूची करतो, म्हणून तो घेतला. तरीही ‘आंबा’ शोधला की ‘आंब्याच्या’ येत नाही. ‘आंब’ लिहून पुढे तारा (*) टाकायचा, मग सगळी रूपं येतात. याची सवय झाली, आणि आता कौलांच्या खर्चाची जुनी संमती मी चहा निवायच्या आत काढून देतो.

मला सर्वांत जास्त समाधान जुन्या मराठी मेलनी दिलं. युनिकोड रुळण्याआधी वडील आणि मुंबईचे काका श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पत्रं पाठवायचे, ती ब्राउझरमध्ये नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसायची. घरी मूळ फाइल हातात असल्यामुळे फॉन्ट लावून ती वाचता आली, आणि आता एकेक करून युनिकोडमध्ये नेतो आहे. आजीच्या आजारपणातली पत्रं आहेत त्यात, विहिरीला पाणी लागलं तेव्हाचं आहे. नेट बंद असताना मी ती वडिलांना दाखवली. ते म्हणाले, “म्हणजे इंटरनेट नसलां तरी माजी पत्रां दिसतली?” दिसतात, आणि आता ते संध्याकाळी आपणहून उघडून बसतात.

पत्ता सगळीकडे बदलणं हे खरं कष्टाचं काम. बँक, विमा, आयकर, आधार, डीमॅट. कुठे ओटीपीने होतं, कुठे शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो, आणि एका ठिकाणी तोच अर्ज पुन्हा भरायला लावला. जुनं खातं लगेच बंद करू नका. तिथून नव्या पत्त्यावर फॉरवर्ड लावा आणि जुन्या पत्त्यावर अजून कोण लिहितंय ते बघत राहा. मी वर्षभर तरी ठेवणार आहे. पहिल्या दिवशी आयकर आणि बँक उरका, बाकीचं जसजसं येईल तसतसं. आणि डिस्क एनक्रिप्ट (कुलूपबंद) करणार असाल तर पासफ्रेज, म्हणजे तिचा लांब पासवर्ड, कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवा.