घरच्या मारुती गाडीसाठी घेतलेलं सीओटू वेल्डिंग मशीन: काही महिने वापरल्यावरचा अनुभव, आणि त्या चिमट्याबद्दल थोडं जास्तच

मशीन वाईट नाही हे आधीच सांगतो, पुढचं वाचून कुणी घाबरायला नको. पण सर्व्हिसवाल्यांनी असं काही डोकं फिरवलंय की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

झालं असं, वेल्डिंगचे चार टाके मारले की ओव्हरहीटचा पिवळा दिवा लागायचा. थांबायचं, दिवा विझायचा, परत चार टाके, परत दिवा. सर्व्हिसला फोन लावला तर पहिला प्रश्न, "तुमच्याकडं लाईट कशी असते?" म्हटलं संध्याकाळी जरा डीम होते, सांगलीजवळचं हरिपूर आहे ओ हे. झालं! "मग व्होल्टेजमुळं बोर्ड गेला सर, वॉरंटीत बसत नाही, पुण्याला पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं तुमच्याकडं." मशीन न बघता, फोनवरच बोर्ड गेला. बोर्डाची किंमत ऐकून मी फोन ठेवला, कारण तेवढ्यात माझ्या गाडीचे चारी टायर येतात.

कुपवाड एमआयडीसीत एक जण असली मशीनं दुरुस्त करतो, त्याच्याकडं नेलं. त्यानं कव्हर काढलं आणि हसायलाच लागला. आतल्या फॅनचा दोन पिनांचा कनेक्टर नीट बसवलेलाच नव्हता, हादऱ्यानं निसटून लोंबत होता. फॅन बंद, म्हणून मशीन तापतंय, म्हणून दिवा. दाबून बसवला, वर ग्लूचा ठिपका दिला, ग्राइंडरची लोखंडी धूळ ब्लोअरनं उडवली, पैसे घेईना म्हणून चहा पाजला. वॉरंटीचं स्टिकर फाटलं ते फाटलं. तशीही ती वॉरंटी काय कामाची होती राव.

आता मशीन घेतलंच का ते सांगतो. गाडी 2004 ची मारुती आठशे, एमएच 10 म्हणजे सांगली पासिंग. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सीटपर्यंत पाणी होतं. इंजिन, वायरिंग त्याच वेळी करून घेतलं, पण गाळ सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, आत राहिला आणि गंज आतून बाहेर आला. मॅट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली चाळण. मिरजेत पत्र्याच्या कामाचं एस्टिमेट काढलं, तेवढ्यात मशीन, हेल्मेट आणि ग्राइंडर तिन्ही बसत होतं. मग कोण देतंय पैसे दुसऱ्याला.

भावकीत एक फॅब्रिकेशनवाला आहे, तो म्हणाला साधं आर्क, म्हणजे काडीचं वेल्डिंग मशीन घे, स्वस्तात काम होईल. गेट, ग्रिल, शेडला ते बरोबरच आहे. पण आठशेचा पत्रा जेमतेम 0.7-0.8 एमएम, त्याला अडीचची काडी लावली की भोक. त्यानं स्वतः भंगारातल्या बॉनेटच्या तुकड्यावर मारून दाखवलं, इतकी वर्षं वेल्डिंग करतोय गडी, तरी भोक पडलंच, वर मलाच म्हणतो "पत्रा हलका आहे तुझा." म्हणून सीओटू, म्हणजे वायरवालं: काडीऐवजी हातातल्या टॉर्चमधून वायर आपोआप पुढं येते, आणि टाक्याला हवा लागू नये म्हणून सीओटू गॅस सुटतो. खोक्यावर 200 अँपिअर छापलंय त्याच्याकडं बघूच नका. गाडीच्या पत्र्याला 0.8 च्या वायरनं 40 ते 60 अँपिअर लागतात, तेवढ्याला घरचा 16 अँपिअरचा पॉइंट बास होतो. फक्त एक्स्टेंशन अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरची करा, मिक्सरला असते तसली बारीक नको.

आणि आता चिमटा. अर्थिंगचा चिमटा, म्हणजे करंट मशीनकडं परत जायला पत्र्याला लावतात तो. एवढं वीस हजाराच्या घरातलं मशीन बनवायचं आणि त्याच्याबरोबर असला पिचका चिमटा द्यायचा, ही कुठली अक्कल? जबडा पत्रा दाबून केलेला, वर पितळी रंगाचा मुलामा. केबल एकाच जबड्याला बोल्ट केलेली, दुसऱ्या जबड्याला करंट जायचा तो मधल्या पिनेतून आणि स्प्रिंगमधून. म्हणजे स्प्रिंग तापणार, तापली की ढिली पडणार, ढिली पडली की पकड जाणार, पकड गेली की अजून तापणार. मी हात लावून बघितलाय, चटका बसतो. आणि याचा परिणाम सगळा टाक्यावर दिसतो. आर्क फट् फट् करून तुटतो, वायर नुसती पत्र्याला ढोसते, गोळे होतात, आणि आपण बसतो व्होल्टेजचं बटण आणि वायर स्पीड फिरवत. मिरजेतल्या पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांना दाखवलं, त्यांनी सेटिंगकडं बघितलंसुद्धा नाही, आधी चिमट्याखालचा रंग ग्राइंडरनं उडवला, चिमटा टाक्यापासून वीतभर अंतरावर आणला आणि म्हणाले "अब मार." कढईत भजी सोडल्यावर येतो तसा सलग चर्रर्र आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सांगलीतून जड पितळी चिमटा आणला, दोन्ही जबड्यांना तांब्याच्या वेणीनं जोडलेला. कंपनीला त्यात किती पैसे वाचले असतील सांगा? शंभर? दीडशे? त्यापायी गिऱ्हाईक महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसतं.

हे इथपर्यंत आधी लिहून ठेवलं होतं, आणि त्यात गॅसलेस वायरचं (आत पावडर भरलेली असते, गॅस लागत नाही) लई कौतुक होतं, ते आता काढून टाकलंय. सिलिंडरचं डिपॉझिट नको, रेग्युलेटर नको, म्हणून सुरुवात गॅसलेसनं केली होती. (त्यात टॉर्च निगेटिव्हला लावायची असते, साध्या वायरला पॉझिटिव्हला. मशीनच्या आत अदलाबदल करायची पट्टी असते, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात आहे.) जाड अँगलला गॅसलेस झकास, वाऱ्यातही चालतं, आमच्या इथं नदीकडून वारं सुटलं की गॅस उडून जातो तेव्हा तेच बरं. पण पत्र्यावर शिंतोडे फार, वर स्लॅग, म्हणजे टाक्यावरची खपली, ठोकत बसायचं, आणि पत्रा जाळायची खोड आहेच. मग छोटा सीओटूचा सिलिंडर घेतला आणि फरक लगेच कळला. आर्गॉन आणि सीओटूचा मिक्स गॅस अजून मऊ चालतो म्हणतात ते खरंय, चाचांकडं मारून बघितला, पण रिफिलचा भाव बघून मी साध्या सीओटूवर समाधानी आहे.

फ्लोअरला 1 एमएमची सीआर शीट, म्हणजे साधा लोखंडी पत्रा, कापून बसवली. सलग ओढायचं नाही, एक टाका इकडं, एक तिकडं, नाहीतर पत्रा वाकतो. गॅप मोठी असेल तर मागून तांब्याची पट्टी धरा, वेल्ड तिला चिकटत नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. खालून पेट्रोलची लाईन जाते आणि डांबराचं कोटिंग पेटतं, म्हणून ओलं पोतं आणि पाण्याची बादली जवळ ठेवा (पेट्रोल पेटलं तर मात्र त्यावर पाणी टाकू नका), आणि कुणालातरी लक्ष ठेवायला उभं करा. सिलचं काम मात्र चाचांना समोर बसवूनच केलं, या गाड्यांना वेगळी चासी नसते, सिलच वजन पेलतं.

टॉर्चची केबल अजून मीटरभर लांब हवी होती, मशीन गाडीखाली ढकलत बसावं लागतं. डाव्या बाजूचं सिल अजून बाकी आहे, ते दिवाळीनंतर.

गॅसलेस वायरचा 1 किलोचा स्पूल, निम्म्याहून जास्त शिल्लक, पडून आहे. सांगली-मिरजेत कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, निम्म्या किमतीत. फुकट मागू नका. कंपनीचा चिमटा पाहिजे असेल तर तो फुकट देतो.