नवा पडदा, जुना बोर्ड : मॉडिफाइड गेम बॉय अॅडव्हान्सचे परीक्षण

निन्टेन्डोचा गेम बॉय अॅडव्हान्स हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम २००१ साली बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्यामागे दिवाच नव्हता. २४० बाय १६० पिक्सेलचा तो पडदा बाहेरून पडणाऱ्या उजेडावर चालत असे, त्यामुळे खिडकीकडे पाठ करून आणि हातातले यंत्र जरासे तिरपे धरून बसणे हे खेळणाऱ्याला सर्वांत आधी शिकावे लागे. आज त्याच यंत्राला आयपीएस पडदा (मागून उजेड असलेला आधुनिक एलसीडी) आणि नवे कव्हर बसवून विकणारे पुष्कळ आहेत. असा एक मॉडिफाइड अॅडव्हान्स मी वर्षभरापासून वापरतो आहे, आणि त्याच्या जोडीला दुरुस्त करून विकलेला एक गेम बॉय अॅडव्हान्स एसपी, म्हणजे त्याच यंत्राचा नंतरचा, घडी होणारा प्रकार, हाही माझ्याकडे आहे. या दोघांतून काय निवडावे आणि निवडताना नेमके काय पाहावे, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

आधी शब्दांविषयी थोडे सांगायला हवे, कारण विक्रेते ते फार सैलपणे वापरतात. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे बिघडलेले दुरुस्त करून यंत्र मूळ स्थितीत आणलेले, आणि ‘मॉडिफाइड’ म्हणजे मूळ भाग काढून त्या जागी वेगळे, बहुधा अधिक चांगले भाग बसवलेले, असा सरळ फरक असायला हवा. प्रत्यक्षात मात्र जुना बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, पुसून चकचकीत नव्या कव्हरात घातला, की त्यालाही बेधडक रिफर्बिश्ड म्हटले जाते. नवे कव्हर ही दुरुस्ती नव्हे. उलट जुन्या कव्हरावरून यंत्र कसे वापरले गेले याचा जो अंदाज येतो, तो नव्या कव्हरामुळे पुसला जातो.

माझ्या अॅडव्हान्सचा पडदा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, पहिल्या क्षणी भुरळ घालतो. तो ७२० बाय ४८० पिक्सेलचा असल्यामुळे मूळ चित्रातला प्रत्येक पिक्सेल बरोबर तीन बाय तीन ठिपक्यांत बसतो, आणि अक्षरांच्या किंवा चेहऱ्यांच्या कडा कुठे जाड, कुठे बारीक अशा दिसत नाहीत. पडदा वरच्या काचेला चिकटवूनच आलेला असल्याने मध्ये धूळ शिरायला जागा नाही. २००१ मधलाच ‘कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून’ हा खेळ मूळ पडद्यावर इतका काळोखा दिसे, की त्याविषयी तेव्हाच तक्रारी झाल्या होत्या, या पडद्यावर त्यातल्या भिंतींच्या विटासुद्धा मोजता येतात. पण याची दुसरी बाजूही आहे. मूळ पडदा अंधारा आहे हे जाणून अनेक खेळांचे रंग मुद्दाम जास्त उजळ ठेवलेले होते, आणि ते आता उजळ पडद्यावर फिकट, दूध मिसळल्यासारखे दिसतात. शिवाय काही खेळांत सावली किंवा धूसरपणा दाखवण्यासाठी आकृती एक फ्रेम सोडून एक फ्रेम काढलेली असते. जुन्या, मंद पडद्यावर त्या फ्रेमा एकमेकींत मिसळून सावली अर्धपारदर्शक भासत असे. आयपीएस पडदा तत्पर असल्यामुळे तीच सावली थरथरताना दिसते. हा पडद्याचा दोष म्हणता येणार नाही, परंतु ज्यांना लहानपणी पाहिले तसेच चित्र हवे आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

खरा प्रश्न पडद्याच्या मागे आहे, आणि तो मला दोन आठवड्यांत कळला. ताजे चार्ज केलेले सेल घालून पडद्याचा उजेड वाढवला, की यंत्रावरचा हिरवा दिवा लाल होई (ही सेल उतरल्याची खूण) आणि थोड्याच वेळात यंत्र बंद पडे. विक्रेत्याने सेल निकृष्ट असल्याचे कळवून विषय संपवला. मी दुसरे सेल घालून पाहिले, मग तिसरे, आणि शेवटी तीन पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू उघडणारा स्क्रूड्रायव्हर मिळवून यंत्र खोलले. दोष चालू-बंद करण्याच्या स्विचमध्ये होता. त्याच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षांचा काळपट थर चढला होता आणि सेलचे व्होल्टेज बोर्डापर्यंत पोहोचेपर्यंतच घटत होते. चार्जिंगचे दोन सेल मुळातच प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे यंत्र बंद पडण्याच्या पातळीपासूनचे अंतर आधीच कमी. त्यात आयपीएस पडदा मूळ पडद्यापेक्षा बराच जास्त विद्युतप्रवाह ओढतो. जुन्या पडद्याने जी घाण निमूटपणे सोसली असती, तीच नव्या पडद्याला सोसवली नाही. स्विचमध्ये ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडून तो तीस-चाळीस वेळा मागे-पुढे केला, सुकू दिला, आणि लाल दिव्याचा त्रास थांबला. ज्या माणसाने पडदा बसवण्यासाठी हे यंत्र पूर्ण उघडले होते, त्याला हे काम करायला पाच मिनिटे लागली असती.

यंत्र उघडलेच होते, म्हणून बाकीचे कामही पाहून घेतले. मूळ कव्हरात आयपीएस पडदा बसवायचा तर आतले प्लास्टिक काही ठिकाणी कापावे लागते; माझ्या यंत्रातले कव्हर त्याच पडद्यासाठी घडवलेले असल्याने काटछाट नव्हती, ही जमेची बाजू. उजेड कमी-जास्त करण्यासाठी सिलेक्ट आणि खांद्यावरची एल व आर ही बटणे वापरता यावीत म्हणून बोर्डावर तीन बारीक तारा डाख देऊन जोडलेल्या होत्या, आणि डाख गोल, चकचकीत व नेटका होता. मात्र त्यांतली एक तार स्क्रूच्या खांबाखाली दबून चपटी झाली होती. ती आणखी काही महिने टिकली असती किंवा नसती. मी ती बाजूला वळवून घेतली.

म्हणून माझा आग्रह असा, की विक्रेत्याकडे चालू पडद्याचे छायाचित्र मागूच नये, तो ते आपणहून देतोच. कव्हर बंद करण्यापूर्वीचे बोर्डाचे छायाचित्र मागावे. सेलच्या स्प्रिंगांवर आणि त्यांच्या आसपास हिरवट-पांढरी पूड दिसली, तर कधीतरी सेल गळले होते असे समजावे. नुसती स्प्रिंग खराब असेल तर ती साफ होते किंवा बदलता येते, पण गळती बोर्डावरच्या रेषांपर्यंत पोहोचली असेल तर ते यंत्र सोडून द्यावे. बटणांखालचे रबर मूळचे आहे की नवे, हेही विचारावे. नव्या कव्हरांसोबत येणारे रबर बहुधा कडक असते, आणि माझ्या यंत्रातल्या डी-पॅडवर (दिशांच्या बटणावर) तिरकी दिशा दाबताना अंगठा तासाभरात दुखू लागे. एका मृत यंत्रातून काढलेले मूळ रबर घातल्यावर फरक लगेच जाणवला. चाचणीचा आग्रह धरायचा असेल, तर तो अॅडव्हान्सच्या आणि जुन्या गेम बॉयच्या अशा दोन्ही प्रकारच्या कार्ट्रिजवर, म्हणजे खेळ साठवलेल्या डब्यांवर, धरावा. जुन्या गेम बॉयची कार्ट्रिज घातली की खाचेतला एक छोटा स्विच दाबला जाऊन यंत्र ३.३ ऐवजी ५ व्होल्टवर आणि जुन्या खेळांच्या पद्धतीवर जाते. तो स्विच अडकलेला असेल, तर केवळ अॅडव्हान्सचे खेळ लावून पाहणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

चार्जिंगसाठी यूएसबी-सी बसवलेले यंत्र घेणार असाल, तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ते चार्ज होते का, हे आवर्जून विचारा. त्यासाठी सॉकेटजवळ ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, आणि ते गाळलेले असतील तर यंत्र फक्त जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच चार्ज होते. मी मात्र साध्या सेलांवर खूश आहे.

आता एसपीविषयी. २००३ साली आलेल्या एसपीत पडद्याला समोरून उजेड देणारा दिवा होता आणि २००५ मध्ये आलेल्या एजीएस-१०१ या मॉडेलात तो पडद्यामागे गेला. हे दुसरे मॉडेल काहीही न बदलता आजही चांगले दिसते, म्हणूनच त्याची मागणी अधिक आहे आणि फसवणूकही. पाठीमागचे लेबल पाहून विश्वास ठेवू नये, कारण नव्या कव्हरासोबत हवे ते लेबल मिळते. उजेडाचे बटण दाबून पाहावे : जुन्या मॉडेलात दिवा पूर्ण विझतो, १०१ मध्ये उजेड केवळ कमी-जास्त होतो. बिजागरीजवळ तडा आहे का आणि बॅटरीचे झाकण फुगून वर आले आहे का, या दोन गोष्टी बोटानेच कळतात. मूळ बॅटरी ६०० मिलिअॅम्पिअर-तासांची होती; त्याच आकारात याच्या दुपटीहून मोठा आकडा छापलेली बॅटरी दिसली, तर त्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. हेडफोनचे साधे भोक एसपीत नाही, त्यासाठी वेगळा जोड लागतो, ही मूळ रचनेतलीच उणीव आहे.

घडी घालून खिशात टाकायचे आणि मूळ भागांनिशी जपायचे यंत्र हवे असेल, तर सुस्थितीतला १०१ घ्यावा. माझे हात मोठे आहेत, एसपीवर ते पंधरा मिनिटांत आखडतात, आणि मी बहुतेक वेळ हेडफोन लावून खेळतो. त्यामुळे मॉडिफाइड अॅडव्हान्सच माझ्या उपयोगाचा ठरला. मधल्या पातळीच्या उजेडात तो सेलांच्या एका जोडीवर साधारण आठ तास चालतो, मूळ यंत्र सुमारे पंधरा तास चालत असे. स्विच साफ केल्यापासून त्याने एकदाही दगा दिलेला नाही. उजव्या खांद्याचे बटण अजून करकरते, पण तेवढ्यासाठी तो पुन्हा खोलावा असे वाटलेले नाही.