जुन्या ट्रॅक्टरला घरीच रंग: द्राक्षाचा एक हंगाम काढल्यावर

द्राक्षाची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकली की आमच्या निफाड भागात ट्रॅक्टरला जरा उसंत मिळते. गेल्या मे महिन्यात आमचा पंचवीस वर्षांचा लाल ट्रॅक्टर घरीच रंगवला. आता पावसाळा, ऑक्टोबर छाटणी आणि त्यामागच्या सगळ्या फवारण्या होऊन माल खुडायला आलाय. म्हणजे रंगाबद्दल बोलायला हरकत नाही.

बॉनेटला हार्डनर कालवून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला, बाकी सगळीकडे साधा सिंथेटिक एनॅमल. पीयू दुपटीहून महाग पडतो, म्हणून जिथे नजर जाते तिथेच तो वापरला. आज बॉनेट ओल्या फडक्याने पुसलं की चकाकतं. मागचे मडगार्ड मात्र फिके पडलेत, बोट फिरवलं तर लाल पावडर हाताला लागते. ऊन दोघांना सारखंच लागलं, फरक पडला तो मागे जोडलेल्या फवारणीच्या ब्लोअरमुळे. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचा तुषार आधी मडगार्डवरच बसतो. त्यात मोरचूद आणि चुना असतो आणि साध्या एनॅमलला चुन्यासारखा अल्कली पदार्थ सोसत नाही. चुना कमी पडला तर मोरचूद थेट लोखंडाला धरतं. बोर्डो करताना आपण विळा बुडवून बघतोच ना, तांबूस थर आला की अजून चुना घालतो. रंगाला चीर असेल तर पत्र्यावरही तेच होतं. त्यामुळे माझ्या मते पीयूचे पैसे बॉनेटपेक्षा मडगार्डवर घालावेत. शोभेचं काय, मळ्यात कोण बघतंय!

खरी मेहनत रंगाआधीची. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि हायड्रॉलिकच्या बाजूला ग्रीस आणि मातीचा थर बोटभर जाड होता. तो खरवडला, डिझेलने भिजवला आणि शेवटी निरम्याच्या गरम पाण्याने धुतला. निरमा टाळून चालत नाही, डिझेलचा तेलकटपणा राहिला तर प्रायमर धरत नाही. गंज ग्राइंडरच्या वायर कपने काढला, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२०. जिथे जुना रंग घट्ट होता तिथे तो ठेवला, फक्त खरखरीत केला. सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवा असं गॅरेजवाले सांगतात, पण कामाच्या गाडीला त्याची गरज नाही. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा, रात्रभर तसा ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

मेमधलं दुपारचं ऊन स्प्रे गनला वाईट. थिनर हवेतच उडतो आणि पत्र्यावर रंग खरखरीत बसतो. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, जमीन पाण्याने भिजवून काम केलं. एनॅमलचा एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच आणा, तिथे पैसे वाचवू नका. आणि ताज्या एनॅमलवर पीयू मारू नका, त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात.

रिमला चांदी रंग, सायलेंसरला उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग. दोन्ही ठीक आहेत. रेडिएटरच्या जाळीला हात लावला नाही, रंगाने फटी बुजल्या तर इंजिन तापतं. चेसिस नंबर आणि ग्रीस निपलवर आधी टेप लावली होती. रंग मूळचाच लाल ठेवला, कारण आरसीवर रंगाची नोंद असते आणि तो बदलला तर आरटीओची पायपीट आलीच.

मजुरी घरची आणि कंप्रेसर भावकीतला, त्यामुळे खर्च रंग, प्रायमर, थिनर आणि पेपरपुरताच राहिला. एनॅमलचं एक मात्र चांगलं: ट्रॉलीच्या हुकाजवळ दगडाने टवका उडाला तिथे ब्रशने हात मारला आणि विषय संपला. बॉनेटवर ओरखडा पडला तर पुन्हा रंग कालवा, गन धुवा, आणि उरलेला रंग काही तासांत डब्यातच दगड होतो.

मडगार्ड येत्या मेमध्ये घासून पीयू करणार आहे. चेसिस आणि रिमला एनॅमलच ठेवणार.