बॅलेची परीक्षा: ग्रेड, क्लास अवॉर्ड की व्होकेशनल?

मुलगी वर्षभर बॅलेला जाते आणि एक दिवस शिक्षिका फॉर्म हातात देतात. परीक्षेला बसवायचं का? इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या हाती बहुतेक वेळा रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा, म्हणजे आरएडीचा, फॉर्म येतो. मुंबईतही या परीक्षा होतात. वर्गातल्या सगळ्याच बसतायत म्हणून आपणही सही करून टाकतो. पण एकाच संस्थेत तीन-चार प्रकार आहेत, आणि ते सगळे सारख्या मुलांसाठी नाहीत.

१९२० मध्ये नृत्यमासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन, नर्तकी अ‍ॅडलिन जने, तमारा कार्साविना वगैरे मंडळींनी लंडनमध्ये ही संस्था उभी केली, तेव्हा रोख मुलांवर नव्हता, शिकवणाऱ्यांवर होता. पाटी लावून कुणीही बॅले शिकवत होतं, आणि चुकीच्या शिकवण्याने मुलांच्या पायांचं नुकसान होत होतं. मला वाटतं, पालकांनी आजही परीक्षेकडे याच नजरेने पाहावं. मुलगी किती हुशार आहे यापेक्षा तिला कसं शिकवलं जातंय हे कुणीतरी बाहेरचा माणूस येऊन बघतो, हा खरा लाभ. घोट्यातून आत पडणारा पाय किंवा खुब्याऐवजी गुडघ्यातून ओढूनताणून काढलेला टर्न-आउट (पाय बाहेरच्या बाजूला वळवणं) तुम्हा-आम्हाला दिसत नाही. परीक्षकाला पहिल्या प्लिएतच, म्हणजे गुडघे वाकवतानाच, दिसतो.

ग्रेडच्या परीक्षेत (१ ते ८) शिक्षिकेला आत प्रवेश नसतो. मुली अंगावर नंबर लावून लहान गटाने आत जातात. समोर टेबलाशी अनोळखी परीक्षक, संगीत लावायला किंवा वाजवायला एक माणूस, बस. कुणी मोजणार नाही, डोळ्यांनी खुणावणार नाही. गुण १०० पैकी: ४० ला पास, ५५ ला मेरिट, ७५ ला डिस्टिंक्शन. तंत्राबरोबर संगीताची जाण आणि सादरीकरण यांनाही गुण आहेत, त्यामुळे पाय कानाला लावणारी पण तालाशी फटकून नाचणारी मुलगी मागे पडू शकते. ते योग्यच आहे.

परीक्षक काय करत नाही, हेही आधी माहीत असावं. तो चूक दुरुस्त करत नाही, सल्ला देत नाही, मागच्या महिन्यात मुलगी किती छान नाचली हे त्याला ठाऊक नसतं. त्या दिवशी दिसलं त्याचे गुण, तेही काही आठवड्यांनी शिक्षिकेमार्फत कळतात. सविस्तर शेऱ्याची अपेक्षा धरून बसलात तर निराश व्हाल.

क्लास अवॉर्ड याच ग्रेडचा हलका अवतार. अभ्यासक्रम कमी, परीक्षक तोच, पण शिक्षिका आत असते आणि तीच वर्ग घेते. परीक्षेच्या नावाने पोटात गोळा येणारी मुलगी, आठवड्यातून एकदाच जमणारा क्लास किंवा उशिरा केलेली सुरुवात असेल, तर मी बिनदिक्कत हाच घेईन. बाहेरची नजर इथेही मिळते. एवढंच की मुलगी स्वतःच्या बळावर किती उभी राहते, हे त्यातून कळत नाही.

गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा एकामागून एक पायऱ्या चढलेल्या घरांत इथेही तसंच असेल असं धरलं जातं. तसं नाही. आरएडीच्या ग्रेड क्रमाने द्याव्याच लागत नाहीत. दरवर्षी परीक्षा, म्हणजे दरवर्षी त्याच ठरलेल्या संगीतावर तेच ठरलेले व्यायाम महिनोन्‌महिने घोटणं, हे काही मुलांचा उत्साह मारतं. एक वर्ष सोडून दिलं तरी काही बिघडत नाही. शिवाय फीबरोबर ठरावीक लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख), कॅरेक्टर स्कर्ट (लोकनृत्याच्या ढंगाच्या नाचांचा घागरा), वेगळे बूट आणि शेवटच्या महिन्यांतले जादा क्लास असा खर्च असतो, तोही धरा.

खरा फाटा फुटतो साधारण अकराव्या वर्षी. एका बाजूला ग्रेड ६, ७, ८. दुसऱ्या बाजूला व्होकेशनल, म्हणजे व्यावसायिक नृत्याच्या दिशेने नेणाऱ्या परीक्षा: इंटरमीजिएट फाउंडेशन, इंटरमीजिएट, मग अ‍ॅडव्हान्स्डच्या पातळ्या. व्होकेशनलमध्ये मुलींना पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे कडक बूट) घालून काम दाखवावं लागतं, आणि परीक्षक ऐनवेळी न शिकलेली रचना सांगतो ती लगेच नाचून दाखवायची असते. इथे घोकंपट्टी उघडी पडते. आठवड्यातून एका क्लासवर हा मार्ग धरू नये. पाय तयार नसताना पॉइंटवर चढवणं धोक्याचं आहे, आणि शिक्षिका त्याची घाई करत असेल तर मी फॉर्मच नव्हे, क्लासचाही फेरविचार करेन. ग्रेड ६ पासून पुढे ब्रिटिश विद्यापीठप्रवेशात यूकासचे (तिथल्या प्रवेश-अर्ज यंत्रणेचे) गुण मिळतात, पण प्रत्येक विद्यापीठ ते धरतंच असं नाही. तेवढ्यासाठी कुणी नाचू नये.

व्यावसायिक नर्तकी व्हायचंय म्हणून ग्रेड गोळा करत असाल, तर थांबा. लंडनचं रॉयल बॅले स्कूल प्रमाणपत्रं बघून प्रवेश देत नाही, ऑडिशन घेतं. नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह मुंबईत बॅलेशिक्षक येहूदा माओर यांच्याकडे शिकून २०१७ मध्ये तिथे निवडला गेला.

आणि आरएडी सोडून? आयएसटीडी या नृत्यशिक्षकांच्या दुसऱ्या ब्रिटिश संस्थेतर्फे चेकेत्ती पद्धतीच्या परीक्षा होतात. इटालियन बॅलेशिक्षक एन्रिको चेकेत्तींच्या नावाची सोसायटी १९२२ मध्ये लंडनमध्ये निघाली आणि दोन वर्षांत आयएसटीडीत सामील झाली. खांद्यांचा-हातांचा डौल आणि वारानुसार ठरलेले व्यायाम ही तिची ओळख. चांगली शिक्षिका जवळ असेल तर बेलाशक घ्या, पण केवळ पद्धतीसाठी शिक्षिका बदलू नका. वागानोवाचं, म्हणजे रशियन पद्धतीचं, प्रकरण वेगळं. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत वर्षअखेर शिक्षिका आपला अख्खा वर्ग मंडळासमोर उभा करते आणि कमी पडणाऱ्यांना घरी जावं लागतं. आपल्या शेजारच्या ‘वागानोवा’ क्लासला मात्र बहुधा बाहेरचा परीक्षक नसतो, म्हणजे बाहेरची नजरही नसते.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी शिक्षिकेला तीन गोष्टी विचारा: तुमची आरएडीत नोंदणी आहे का, परीक्षेच्या टर्ममध्ये अभ्यासक्रमाबाहेरचं काही शिकवता का, आणि माझ्या मुलीला या वर्षी बसवू नये असं तुम्हाला वाटतं का. तिसऱ्या प्रश्नावर जी शिक्षिका कधीच कुणाला ‘थांबा’ म्हणत नाही, तिच्या फॉर्मला मी जपून हात लावेन.