प्लॉट जयसिंगपूरचा, उताऱ्यावर गाव दुसरंच

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढलो, त्यामुळं नंबराच्या गल्ल्या दिसल्या की मला घरच्यासारखं वाटतं. जयसिंगपूरही तसंच. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं, काटकोनात आखलेलं गाव. एवढं मला माहीत होतं आणि तेच नडलं.

तिथं प्लॉट बघायला गेलो, तर एजंटानं स्टेशनसमोर चहा पाजला. पहिला अर्धा तास गडी प्लॉटच्या विषयावर आलाच नाही. 1891 ला कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली तेव्हा इथं हे गाव नव्हतं, स्टेशनला 'शिरोळ रोड' म्हणायचे, जयसिंगपूर नंतर झालं, असं सगळं सांगितलं. खरंच आहे ते. मीही हौसेनं राधानगरीचं सांगितलं, महाराजांच्या मुलीच्या नावाचं. मग त्यानं सातबाऱ्याची झेरॉक्स काढली, मधोमध घडी घातलेली, उजवी बाजू मागं. गावाच्या जागी भलतंच नाव.

"पावणं, आत्ताच बोललो न्हवं? स्टेशनचं नाव बदाललं, तसंच हे. उताऱ्यावर जुनं ऱ्हायलंय."

पटलं की मला! शहाणपणा करून बसलो होतो, आता शंका कुठल्या तोंडानं काढू?

दोन गुंठे, चुन्याच्या रेषा, चार दगड. गुंठा साडेचार लाख, म्हणजे जयसिंगपुरातला दर. तुकडेबंदीमुळं, म्हणजे शेतीचे छोटे तुकडे विकायच्या बंदीमुळं, गुंठ्याची खरेदी रजिस्टर होत नाही, तोवर नोटरी साठेखत, म्हणजे पुढं विकण्याचा नुसता करार करू, एनए (बिनशेती) झालं की खरेदीपत्र, असं ठरलं. चार लाख चेकनं, पाच रोख. बायको एकदाच म्हणाली, "अहो, नोटरीवर जमीन आपली होते व्हय?" मी तिलाही इतिहास सांगितला.

सात महिने 'एनए होतंय' ऐकल्यावर तलाठी कार्यालयात गेलो. बाईंनी उतारा बघून विचारलं, "हे जयसिंगपूर कुणी सांगितलं तुम्हाला?" ते शेजारचं गाव. आजही त्याच नावाचं, स्वतःची ग्रामपंचायत असलेलं. मग त्यांनी 'भोगवटादार वर्ग 2' वर पेन टेकवला: परवानगीशिवाय ही जमीन विकताच येत नाही. घडीमागच्या 'इतर हक्कात' सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि मालकाच्या दोन बहिणींची नावं. त्या बहिणींना प्लॉट पाडल्याचंही ठाऊक नव्हतं.

डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो. मी तो नऊ लाख देऊन झाल्यावर काढला. शिरोळ तालुक्याच्या यादीत ते गाव आपल्या नावानं व्यवस्थित होतं.

पोलिसात अर्ज दिलाय. चेकचे चार लाख तरी बँकेत दिसतात, रोखीचा कागद नाही. तुम्हाला कुणी घडी घातलेला उतारा दाखवला तर आधी तो हातात घेऊन पूर्ण उलगडा, आणि गावाचं नाव जुनं-नवं काही सांगत असेल तर चहा तसाच ठेवून उठा.

परवाच्या रविवारी तिकडून गेलो. माझ्या दगडांना नवा चुना लावलाय, आणि कडेला एक कुटुंब फोटो काढत होतं. मी गाडी थांबवली.