अमोनियम बायकार्बोनेट, दोन किलो: बादलीतल्या विसर्जनाचा रिव्ह्यू (आणि थोडं घरातलं)

आधी कामाचं सांगते. ज्यांना पावडर घ्यायची की नाही एवढंच बघायचंय त्यांनी सुरुवातीचं वाचून सुटावं, पुढे मी भरकटणार आहे.

घरात पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आहे आणि नदीत सोडायची नाहीये, तर बादलीत पाणी घ्यायचं, त्यात अमोनियम बायकार्बोनेटची पांढरी पावडर टाकायची, मूर्ती ठेवायची आणि दर दोन-तीन तासांनी ढवळत राहायचं, बास. युक्ती पुण्याच्याच एनसीएलची, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे ना तिथली, आणि २०१६ च्या आसपासपासून महापालिका गणपतीत ही पावडर फुकट वाटते. मला जाग आली विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, त्यामुळे एका केमिकलच्या दुकानातून दोन किलो विकत आणली. दुकानाचं नाव घेत नाही पण मालकानं गोणीतली सुट्टी पावडर पातळ पिशवीत बांधून दिली, आणि ही पावडर उघडी राहिली की अमोनिया होऊन चक्क उडून जाते. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हा घट्ट सील केलेलंच पाकीट घ्या, गठुळ्या झालेलं घेऊ नका. आमची नऊ इंची मूर्ती ४८ तासांत जाईल असं ऐकलं होतं, तिला तीन दिवस लागले, आणि त्याचं खापर मी त्या पिशवीवर फोडते.

वास. वासाबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते, एसटी स्टँडची जुनी मुतारी आठवा. बादली बाल्कनीतच ठेवा आणि बाल्कनीचं दार लावून घ्या. आणि बादली प्लास्टिकचीच, हे फार महत्त्वाचं. बाबांनी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढून घासून ठेवलं होतं, देवाला प्लास्टिकच्या बादलीत घालायचं त्यांना पटेना. अमोनिया तांब्याला खातो, पाणी निळं होईल असं सांगितल्यावर गप्प बसले, मग आईनं नवीकोरी बादली आणायला लावली आणि तिला हळदकुंकू लावलं. लाल बादली, दिसत होती बरी.

शाडूची घेतली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं हे मलाही कळतं, कृपया कुणी सांगू नका. बाबा वर्षानुवर्षं एकाच स्टॉलवरून मूर्ती आणतात आणि तिथे पीओपीच असते. २०२५ ला हायकोर्टानं सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जन करायला सांगितल्या, बाबांचे गुडघे असे की हौदापर्यंतही जाववेना, आणि त्यांनी मला फोन केला की तुमच्या लोकांची ती पावडर असते ना ती घेऊन ये.

'तुमच्या लोकांची' म्हणजे नास्तिकांची. पावडर शास्त्रज्ञांनी काढली, वाटते महापालिका, पण बाबांच्या हिशेबात विज्ञान, महापालिका, अंधश्रद्धा निर्मूलनवाले दाभोलकर आणि मी सगळे एकाच डब्यातले.

आता भरकटते. मी या घरच्या गणपतीला बारा वर्षांनी आले. तशी यायचे, दिवाळीला यायचे, आजारपणात यायचे, फक्त ते पाच दिवस फिरकायचे नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळ विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या घातल्या आणि महिना व्हायच्या आत गणपती आले. आम्ही काही जण त्याच पुलाच्या बाजूच्या घाटावर 'विसर्जित मूर्ती दान करा' असा फलक घेऊन उभे होतो. जबरदस्ती कुणावर नाही, ज्याला द्यायची त्यानं द्यावी. देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, हे दाभोलकर सगळ्या महाराष्ट्राला सांगत फिरले, आणि मी मात्र त्या दिवशी दहा मिनिटांत त्याची माती केली. बाबा पाटावर गणपती घेऊन घाटावर आले, मला फलकाखाली बघितलं आणि चारचौघांत ओरडले की घरी चल. मी नाही म्हटलं. ते म्हणाले लाज नाही वाटत, देवाची भीक मागतेस. आणि मी म्हणाले, "देव कसला बाबा, प्लास्टरचा तुकडा आहे तो."

पाट त्यांच्या हातातच होता. वर मूर्ती, मूर्तीवर दूर्वा आणि आईनं शिदोरी म्हणून बांधलेले दहीपोहे. ते एकच वाक्य बोलले, "मग गणपतीत माझ्या दारात येऊ नकोस," आणि खाली पाण्याकडे गेले. पुढची अकरा वर्षं दोघांनीही ते वाक्य काटेकोर पाळलं. हट्टाच्या बाबतीत आमच्या घरात आस्तिक-नास्तिक असा भेद नाही.

मे २०२४ ला दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष सुटले, तेव्हा संध्याकाळी बाबांचा फोन आला. "बातमी वाचली," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ काही नाही, मागे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले जेवलीस का. मी हो म्हटलं, जेवले नव्हते.

तर बादली. संध्याकाळी उत्तरपूजा झाली, बाबांनी अक्षता वाहिल्या, "यान्तु देवगणाः सर्वे" म्हटलं, मूर्ती जागेवरून जराशी हलवली आणि माझ्याकडे दिली. मी घेऊन बाल्कनीत गेले. आई दारातून बघत होती, तिला खरोखरीची भीती वाटत होती, झाडूच्या मोडक्या दांडीनं देवाला ढवळायचं म्हणजे काय, काही वाकडं झालं तर, यांच्या तब्येतीचं हे असं. मी तिला कॅल्शियम सल्फेटचं कॅल्शियम कार्बोनेट कसं होतं ते सांगायला लागले आणि माझं मलाच कळलं की हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये.

उत्तर बाबांनी दिलं. आतून खुर्चीतूनच म्हणाले, "अगं उत्तरपूजा झाली. आता त्यात देव नाही. आता ते प्लास्टरच आहे."

मी दांडी हातात धरून उभी. बारा वर्षांपूर्वी मी जे तोंडावर फेकलं ते या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं, त्यांच्या पोथीतच होतं, फक्त मंत्र म्हणायच्या आधी की नंतर एवढाच फरक, आणि मी अगदी आधी म्हटलं होतं. पाटावर असताना. दहीपोह्यांसकट.

आणि गंमत ऐका. पहिल्या रात्री अकराला ढवळायला गेले. पाणी सोडा वॉटरसारखं फसफसत होतं, सोनेरी रंगाचे पापुद्रे सुटून वर तरंगत होते, मुकुट मऊ पडला होता, सोंडेचं टोक गेलं होतं, डोळे मात्र तसेच. आणि मला दांडी घालवेना. मी, जी भानामतीच्या घरी जाऊन पेटत्या कपड्यांमागचं केमिकल शोधून आलेय, अमावास्येला स्मशानात चहा पिऊन आलेय, तिला नऊ इंची गणपतीला दांडी लावता येईना. हात थरथरत होता हे कबूल करते. कोप-बिप काही मनात आलं नाही, ते डोळे लहानपणापासून बघितलेले होते, एवढंच.

बाबा काठी टेकत आले, म्हणाले दे इकडे, आणि स्टुलावर बसून स्वतः ढवळायला लागले. कडेकडेनं, हळू, पिठलं ढवळावं तसं. वासानं आम्हा दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं त्यामुळे कुणाचं कशानं येतंय ते विचारायची सोय नव्हती.

तिथेच म्हणाले, "त्या दिवशी मला राग देवाचा नव्हता आला एवढा. पुलावर माणूस मारला होता, आणि तू तिथेच फलक घेऊन उभी. घाबरलो होतो मी."

"एवढा म्हणजे?"

"निम्मा होता."

मी म्हटलं, मी प्लास्टर म्हणायला नको होतं. ते म्हणाले, नको होतं. झालं, एवढंच. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही, मिठी नाही, आम्ही सदाशिव पेठेतले आहोत. मी अजूनही देव मानत नाही आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नावानं गणपतीला एकवीस दूर्वा वाहिल्या, फ्रेममधल्या. वाहा म्हटलं. मूर्तीदानाच्या फलकाबद्दल मात्र आमचं अजून जुळत नाही, ते म्हणतात घाटावर माणूस हळवा असतो तिथे अडवू नये, मी म्हणते आम्ही अडवत नाही, विचारतो. यावर पुढच्या वर्षीसाठी भांडण शिल्लक ठेवलंय.

ढवळायच्या पाळ्या लागल्या, दिवसा ते, रात्री मी. तिसऱ्या दिवशी तळाला पांढरा साका आणि काथ्याचा एक झुबका उरला, मूर्तीला आतून बळकटीसाठी घालतात तो. काथ्या काढून टाका, तो विरघळत नाही. साका म्हणजे ते कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, खतच ते, पण भरपूर पातळ करून घाला, बाबांनी उत्साहात जास्वंदीला नुसतंच एक भांडं ओतलं आणि चार पानं करपली.

पाचातले चार स्टार. अर्धा वासाला कापला, अर्धा त्या पिशवीला.

खालच्या मजल्यावरच्या काकू परवा विचारत होत्या, त्यांचा अनंत चतुर्दशीचा आहे. बाबा जिन्यातूनच त्यांना सांगत होते, बादली प्लास्टिकची घ्या, तांब्याची अजिबात नको, अमोनिया खातो. आणि ढवळायला माणूस नसेल तर हिला पाठवतो. मानत काही नाही ती, पण ढवळते व्यवस्थित.