थंडीतली आयआर गन: बर्फ, प्लेट की पोकळी?

कोल्ड स्टोरेजमधली आयआर गन (न शिवता, उष्णतेच्या अवरक्त किरणांवरून तापमान मोजणारी) १०० अंशांवर ठेवलेल्या, गन तपासायच्या प्लेटवर तपासून आणली, तर सर्टिफिकेट मिळेल, खात्री नाही. उणे २० अंशांचा पृष्ठभाग २७ अंशांच्या पृष्ठभागाच्या निम्मेच अवरक्त किरण सोडतो. म्हणजे भिंती, दिवे, गन धरणारा हातसुद्धा गनच्या दृष्टीने मोजायच्या वस्तूपेक्षा जास्त उजळ. थंडीत चुका होतात त्या इथेच.

सगळ्यात स्वस्त बर्फ. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बारीक चुरा गच्च भरायचा, फटी बुजतील इतकंच पाणी ओतायचं, ढवळून दहा मिनिटं थांबायचं. गनची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती चांगले किरण सोडतो त्याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९५ वर ठेवून ती वरून सरळ, जवळून धरायची. एक अंशाच्या आत शून्य दाखवलं तर गन धड. पण हा एकच बिंदू. उणे १८ ला ती काय करते, ते कळत नाही.

प्लेटवर अनेक बिंदू मिळतात, आणि १५२ मिमी व्यासाची प्लेट गनच्या नजरेत आरामात बसते. फ्लुक कंपनीची ४१८० अशीच आहे, मात्र ती उणे १५ पर्यंतच उतरते. गोठवलेल्या मालासाठी उणे १८ लागत असेल तर हे आधी बघा. दुसरं म्हणजे, प्लेटची एमिसिव्हिटी ०.९५ च्या आसपास, उरलेलं खोलीचं प्रतिबिंब. प्लेट उणे १५, खोली २५ आणि गन चुकून १.०० वर राहिली, तर आकडा दोन-अडीच अंश चढा येतो. पावसाळ्यात तर प्लेटवर पांढरं दव गोठतं. मग आपण प्लेटचा रंग नाही, बर्फाचा थर मोजत बसतो.

ब्लॅकबॉडी पोकळी, म्हणजे आत नेमकं तापमान राखलेलं, छोट्या तोंडाचं पोकळ भांडं, यातून सुटते: एमिसिव्हिटी जवळजवळ १, आत कोरडा नायट्रोजन सोडला की दवही नाही. अडचण तोंडाची. १२:१ ची गन (अंतराच्या बाराव्या भागाएवढं वर्तुळ बघणारी) ६० सेंमीवरून ५ सेंमीचं वर्तुळ बघते, शिवाय थोडी ऊर्जा त्याच्या बाहेरूनही घेते. पोकळीचं तोंडच ५ सेंमीचं असेल, तर गरम कडाही वाचनात येते. अरुंद नजरेच्या उपकरणाला पोकळी, साध्या गनला प्लेट.

दोन-चार गन असतील तर प्लेट विकत घेऊ नका. दर आठवड्याला बर्फ, वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. पाठवताना तुमचे बिंदू लिहून द्या, आणि सर्टिफिकेटवर अंतर, लक्ष्याचा व्यास व एमिसिव्हिटी मागून घ्या.